लाभ नाय, शून्य म्हण

बाईंच्या घरी पंखा लावायला बंदी होती. मे महिन्यात अंगावरून घाम निथळत असला तरी रोह्याजवळच्या वरसे गावातल्या त्या दोन खोल्यांत पंखा फिरायचा तो फक्त बाई जेवायला बसल्या की. छताच्या हुकाला एक दोरा कायमचा टांगलेला होता, त्याच्या टोकाला पितळेचा गोळा, आणि वाऱ्याने तो हलता कामा नये हा घरचा पहिला कायदा. आल्या-गेल्याने गोळ्याला वळसा घालून बसायचं. सिलिंडरवाला एकदा डोक्याने त्याला धडकला, तर बाई आतून ओरडल्या, "डोकं फुटू दे रे, दोरा तुटला नाय ना?"

बाई शिक्षिका नव्हत्या. हे आधीच सांगून टाकते, कारण मला स्वतःला ते कळायला दोन रविवार लागले. कुठल्याशा कॉलेजच्या फिजिक्सच्या लॅबमध्ये त्या असिस्टंट होत्या. मांडामांड करायची, काचा पुसायच्या, बॅटऱ्या चार्ज करायच्या, मुलांनी तोडलेलं जोडायचं. निवृत्त होताना कॉलेजने जुनी उपकरणं भंगारात काढली, ती बाईंनीच उचलली आणि टेम्पोत घालून घरी आणली. स्पेक्ट्रोमीटर, तराजू, मायक्रोस्कोप, सगळ्यांवर बाईंच्या जुन्या साड्यांचे तुकडे पांघरलेले. भाजीवाली दारात आली की आधी तिचं किलोचं वजन आत नेऊन आपल्या तराजूवर तपासायच्या आणि मगच वांगी घ्यायच्या. भाजीवालीही अशी हुशार, की बाईंसाठी एक वेगळं वजन पिशवीत ठेवायची.

मी त्यांच्याकडे गेले ती घाबरलेली. खरं सांगायचं तर मी तेव्हा सगळीकडेच घाबरलेली जायचे.

पेणला आमचा गणपतीचा कारखाना आहे. अण्णा, म्हणजे माझे वडील, आखणी करतात. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रेखायचे, सगळ्यात शेवटचं आणि सगळ्यात अवघड काम. मी बारावी सायन्स केलं, पण पुढे मुकाट्याने बीएमएस, मग एमबीए, आणि मग कारखान्याच्या ऑफिसातली खुर्ची. मंडळांचे फोन, ऑर्डरी, कंटेनर, तुटलेल्या सोंडांची भांडणं. पाच वर्षं केलं आणि बरं केलं, उगाच कशाला नाही म्हणू? पण साच्यात प्लास्टर ओतलं की ते आपोआप गरम होतं, त्यावर तळहात ठेवून मी उभी राहायचे. हे गरम का होतं, या एका प्रश्नापायी मोबाईलवर शोधत बसले आणि कुठल्या कुठे गेले. तो प्रश्न शेवटी केमिस्ट्रीचा निघाला, ते सोडा. तोवर मी ऑर्डरींच्या मधल्या वेळात बाहेरून बीएस्सी फिजिक्स पुरं केलं होतं, आणि अठ्ठाविसाव्या वर्षी पुण्याच्या एका मोठ्या संस्थेची एमएस्सीची लेखी परीक्षाही पास झाले होते. राहिली होती मुलाखत.

अण्णांनी ऐकून घेतलं. ब्रश पाण्यात खळबळला. म्हणाले, "जा. पण मग कारखाना मी तुझ्या चुलतभावाच्या हातात देतो. एक पाय आत, एक पाय बाहेर, असं नाय चालणार. नापास झालीस तर घर तुझं हाय. खुर्ची नाय."

म्हणजे एकच डाव. जमलं तर पुणे, नाही जमलं तर मी ना इकडची ना तिकडची. एमबीए झालेली, धंदा सोडलेली, फिजिक्समध्ये आपटलेली बाई पेणमध्ये काय तोंड दाखवणार? बाजारात कोण काय म्हणेल हे मला अगदी आवाजासकट ऐकू यायचं.

आमच्या अभ्यासकेंद्रावरचे सर म्हणाले, "थिअरी तुझी तू केलीस. पण हाताने काही केलेलं नाही. मुलाखतीत तिथेच पकडतील." आणि त्यांनी बाईंचा पत्ता दिला.

दर रविवारी सकाळी पेणहून रोह्याची गाडी धरायची. नागोठण्यापर्यंत मी ठीक असायचे. निडी स्टेशन आलं की मी दाराशी जाऊन उभी राहायचे, कारण त्यापुढे रोहाच. कितीदा वाटलं, निडीला उतरावं, समोरच्या गाडीने परत जावं. पण निडीला उतरून करायचं काय?

पहिल्याच दिवशी बाईंनी विचारलं, "व्यापारी ना गो तू?"

"मूर्तींचा कारखाना आहे आमचा."

"म्हंजे व्यापारीच. व्यापाऱ्याला आवडता आकडा लागतो. हितं नावडता आकडा आला तरी त्याला घरात घ्यायला लागतं. जमंल?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

मग त्यांनी माझा कंपास उघडला, पेन्सिल काढून घेतली, आणि खोडरबर खिडकीतून बाहेर भिरकावलं. शेजारच्यांची बकरी दावणीला होती, ती ते हुंगून बघायला लागली. "रीडिंग शाईनं लिवायचं. चुकलं तर वरून एक रेघ मारायची, पण खालचं वाचता आलं पायजे. दिसलं ते लिव, वाटलं ते नको." हे शेवटचं वाक्य त्या दिवसातून वीस वेळा म्हणायच्या. दुधात पाणी आहे की नाही यावर शेजारीण बोलायला लागली तरी हेच.

आता गंमत अशी, की बाईंना स्वतःला जवळपास दिसत नव्हतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. मी दारात उभी राहिले तरी "कोण?" विचारायच्या. व्हर्नियर मोजपट्टीच्या रेघा मी वाचायच्या आणि मोठ्याने सांगायच्या, त्या भिंतीला टेकून ऐकायच्या. ऑपरेशनचं नाव काढलं की अंगावर यायच्या. "आयुष्यभर बारीक रेघा बघितल्या. आता काय बघायचं ऱ्हायलंय?"

ऑपरेशनसाठी मागे लागलेला माणूस एकच, सुदाम. चाळिशीचा, बाईंच्या लॅबमधला जुना विद्यार्थी, वरसे नाक्यावर त्याचं झेरॉक्सचं दुकान होतं. रविवारी तो बाईंना कोलंबी नाहीतर वालाच्या शेंगा आणून द्यायचा. पिशवी डाव्या हातात. उजवा हात कायम पँटच्या खिशात. मी तो बाहेर काढलेला कधी बघितला नव्हता. तो आला की बाई काहीतरी काम काढून आत जायच्या आणि आतूनच बोलायच्या. मला वाटायचं, पुरुषमाणसासमोर बसत नसतील. बाईंच्या बाबतीत असं वाटणं म्हणजे माझा मूर्खपणाच होता.

एका रविवारी बाई मागच्या पडवीत कोलंबी सोलत होत्या आणि मला सांगून गेल्या होत्या: गोळा सोड, वीस झोके मोज, वेळ लिव. असं दहा वेळा. त्यावरून गुरुत्वाकर्षणाचा आकडा काढ. शाळेतलाच प्रयोग. पुस्तकात उत्तर नऊ पूर्णांक आठ.

माझं आलं जवळजवळ अकरा.

परत केलं. परत अकराच्या आसपास. शाळेतला प्रयोग येत नाही आणि निघाली एमएस्सीला! मुलाखत तीन आठवड्यांवर. नशीब, रीडिंग मी वहीत लिहिली नव्हती, रेल्वेच्या तिकिटाच्या पाठीवर लिहिली होती. वीस झोक्यांना अडतीस सेकंद येत होते. चाळीस हवे होते. मग मी काय केलं असेल? आमच्या कारखान्यात मूर्तीला भोक राहिलं तर काय करतात? लांबी, म्हणजे पुट्टी, भरतात, घासतात, वर रंग. गिऱ्हाईकाला दिसतं का? नाही. मी वहीत शाईने सुरेख दहा आकडे लिहिले. चाळीस पूर्णांक एक, चाळीस पूर्णांक दोन, चाळीस पूर्णांक एक. उत्तर नऊ पूर्णांक आठ. हातसुद्धा थरथरला नाही, याची आज जास्त भीती वाटते.

बाई हात पुसत आल्या. "वाच."

मी वाचलं.

"परत वाच."

परत वाचलं. बाईंनी मान तिरकी करून ऐकलं. मग म्हणाल्या, "पहिल्यांदा गोळा सोडणाऱ्या पोरीची धाच्या धा रीडिंगं एकासारखी एक? एक पण ठेचकाळत नाय? लांबी भरलीस काय गो?"

लांबी. हाच शब्द. मला वाटलं, जमीन फाटावी. आंधळ्या माणसाच्या ताटातलं उचलून खावं तसं झालं होतं ते. मी तिकीट काढलं आणि खरे आकडे वाचून दाखवले. वाटलं, आता ही बाई मला हाकलणार, सरांना सांगणार, सर पुण्याला कळवणार. संपलं.

बाई ओरडल्या नाहीत. "गोळा सोड," म्हणाल्या. "आणि मोठ्यानं मोज."

मी गोळा सोडला, घड्याळ दाबलं आणि मोजायला लागले, "लाभ, दोन, तीन, चार..."

"थांब!" बाईंनी हात वर केला. "काय म्हनलीस? लाभ?"

आमच्याकडे कंटेनरमध्ये मूर्ती चढवताना एक म्हणत नाहीत. पहिल्या मूर्तीला लाभ म्हणतात, मग दोन. आजोबांपासून तसंच. शेतकरीसुद्धा भात मापताना पहिल्या मापाला लाभच म्हणतो. मला आपण असं मोजतो हे माहीतही नव्हतं.

बाई हसायला लागल्या. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. भिंतीला धरून खाली बसल्या, पदर तोंडाला लावला. "अगो पेणकरणी! मूर्ती मोजतेस काय? मूर्ती हातात आली, की लाभ. आंबा हातात आला, की लाभ. हा गोळा हातातून सुटला तेव्हा तुझ्या हातात काय आलं? काय नाय! एक झोका पुरा झाला की मग एक. सुटताना शून्य. लाभ नाय, शून्य म्हण."

म्हणजे मी वीस म्हणत होते तेव्हा झोके एकोणीसच झालेले असायचे. शून्य म्हणून मोजलं. चाळीस सेकंद आले. इतकं साधं! आणि ते सापडलं असतं त्या खऱ्या अडतीस सेकंदांतच, जे मी बुजवून टाकले होते.

मीही हसले. पण बाईंचं हसणं थांबलं होतं. "बस," म्हणाल्या. "तुला एक सांगायचं हाय."

परीक्षेच्या दिवशी बाहेरून परीक्षक यायचा, तेव्हा लॅबमध्ये मुलांच्या हाताला कंप सुटायचा. बाई पाणी द्यायच्या निमित्ताने टेबलापाशी जायच्या आणि रीडिंग कानात सांगायच्या. कोणत्या टेबलाचं काय उत्तर येतं हे त्यांना तोंडपाठ. पोरं पास व्हायची, पेढे आणून द्यायची. "मला वाटायचं, पुण्य करतेय." त्यातलाच एक सुदाम. त्याला पुढे एका कंपनीत ऑपरेटरची नोकरी लागली. दर तासाला जिना चढून वर जायचं, टाकीवरचा दाबाचा काटा बघायचा, रजिस्टरमध्ये लिहायचं. एका शिफ्टला तो जिना चढलाच नाही. आदल्या तासाचा आकडा बघून तसाच लिहिला. काटा तोवर कुठल्या कुठे गेला होता. वाफेचा पाईप फाटला तेव्हा त्याचा उजवा हात तिथेच होता.

"दवाखान्यात गेले. हाताला ही एवढी बँडेजं. मला म्हनला, बाई, न बघता लिवला. माझीच चूक हाय." बाईंनी चाचपून गोळा धरला. "न बघता लिवायला शिकवलं कोणी त्याला?"

मी ते तिकीट वहीत चिकटवलं. चुकीच्या दहा आकड्यांवर एकेक रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी.

मुलाखतीच्या आदल्या रविवारी मी बाईंकडे गेले ती सांगायलाच, की मी जात नाही. मी म्हटलं, "बाई, नाही जमणार. ती बावीस-तेवीस वर्षांची पोरं असणार, सगळी शिकलेली, आणि मी मूर्ती विकणारी. माझ्या तोंडातून शब्द फुटणार नाही. मी खुर्ची सोडत नाही."

मला वाटलं, धीर देतील. कुठचं काय! म्हणाल्या, "मला पन भीती वाटते."

"तुम्हाला? कशाची?"

"डोळ्याच्या ऑपरेशनाची."

"अहो, अर्ध्या तासाचं काम आहे. दुखतही नाही म्हणतात."

"दुखण्याला कोण भितंय?" बाई दाराकडे बघत होत्या, म्हणजे दार असेल त्या बाजूला. "डोळं चांगलं झालं की सुदामचा हात दिसंल गो मला. बारा वर्सं झाली. बँडेज सुटल्यापासून मी तो बघितला नाय. आधी मान फिरवायची. मग देवानंच मोतीबिंदू दिला, बरं झालं म्हटलं."

गोळा मधोमध स्तब्ध लटकत होता.

"असं करू," बाई शेवटी म्हणाल्या. "तू पुण्याला जा. मी डॉक्टरकडं जाते. मरू दोघी."

पुण्याला खोलीत तिघं बसले होते. दोन सर, एक मॅडम. "एमबीए? मग इथे कशा काय?" या प्रश्नाचं जे उत्तर मी महिनाभर पाठ केलं होतं त्यातलं एक अक्षर आठवेना. मी प्लास्टरबद्दल काहीतरी पुटपुटले. मॅडमनी माझी प्रयोगवही उघडली आणि त्या थांबल्या.

"हे रेल्वेचं तिकीट का चिकटवलंय?"

आठवण म्हणून, असं म्हणता आलं असतं. चालून गेलं असतं. मी सगळं सांगितलं. लाभ सांगितलं तेव्हा मॅडम हसल्या, त्यांच्या आजोळी भात मापताना म्हणायचे म्हणाल्या. पण कडेचे सर हसले नाहीत.

"म्हणजे तुम्ही आकडे बदललेत."

"हो, सर."

"किती?"

"दहाच्या दहा."

"मग बाकीच्या वहीवर आम्ही विश्वास का ठेवायचा?"

कारखान्यातली माझी खुर्ची डोळ्यांसमोर, त्यात चुलतभाऊ बसलेला. मी म्हटलं, "ठेवू नका, सर. दोरा आणि गोळा द्या. इथेच करते."

त्यांनी खरंच दिलं! शेजारच्या लॅबमध्ये नेलं आणि ते सर हाताची घडी घालून उभे राहिले. माझा हात असा कापत होता की गोळा सोडतानाच वाकडा गेला. मी मोठ्याने म्हटलं, "शून्य." दहा वेळा केलं. उत्तर आलं नऊ पूर्णांक पाच. मी घड्याळाकडे बघितलं, सरांकडे बघितलं, आणि तेच शाईने लिहिलं.

"नऊ पूर्णांक पाच," मी म्हटलं. "माझा हात कापतोय, कुठेतरी चुकलंय. पण दिसलं ते हे."

सरांनी आकडा वाचला आणि वही मिटली. पेण येईपर्यंत मी एसटीच्या खिडकीला डोकं टेकून रडत होते. बारा दिवसांनी यादी लागली, त्यात खालून दुसरं माझं नाव. अण्णांनी यादी चष्मा लावून दोनदा वाचली आणि मग चुलतभावाला फोन करायला उठले. कारखाना त्याला दिला. मी पुण्याला निघाले तेव्हा माझ्या डोक्यावर हात ठेवला, त्याला रंगाचा वास येत होता.

दिवाळीच्या सुट्टीत रोह्याला गेले. निडीला सवयीने दाराशी जाऊन उभी राहिले. बाईंच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. मला दारात बघून म्हणाल्या, "एवढ्या आठ्या गो कपाळावर, या वयात? आणि घरात केवढी ही धूळ! इतकी वर्सं कोणी सांगितलं नाय ते!" स्पेक्ट्रोमीटर उघडा करून पुसत बसल्या होत्या. बऱ्या दिसत होत्या. मी विचारलं नाही, पण त्यांनीच सांगितलं. ऑपरेशननंतर सुदाम तीनदा आला, तीनदा त्या आत गेल्या.

आणि तेवढ्यात तो आलाच. डाव्या हातात पिशवी, उजवा खिशात. बाई उठल्या, आतल्या दारापर्यंत गेल्या. मला वाटलं, गेल्या चौथ्यांदा. पण चौकटीला धरून उभ्या राहिल्या आणि परत फिरल्या.

"सुदाम, हात."

"काय बाई?"

"हात दाव."

"र्‍हाऊ द्या ना बाई. काय बघायचं त्यात?"

"दाव म्हटलं ना!"

सुदामने पिशवी खाली ठेवली आणि हात हळूहळू खिशातून काढला. बाईंनी तो मनगटाला धरला आणि त्याला दाराच्या उजेडात नेलं. डोळ्यांजवळ आणला, थोडा लांब नेला, परत जवळ आणला. व्हर्नियर वाचताना मी करायचे तसं. कातडी आवळून चकाकत होती. सुदाम भलतीकडेच बघत होता.

बाईंनी त्याच्या अंगठ्यावर बोट ठेवलं.

"लाभ," त्या म्हणाल्या. मग पुढच्या बोटावर. "दोन." मग त्याच्या पुढच्यावर. "तीन."

पुढे काही नव्हतं. तरी त्यांचं बोट तिथे जरा वेळ राहिलं.

"तीन हायत रे," बाई म्हणाल्या. "मी इतकी वर्सं एक पण बोट नाय, असं धरून चालले व्हते."